वंशावळीची नक्कल आणि नात्याचे अस्सल

विदर्भात मे महिना सरू लागला, की गावोगावी एक शोधमोहीम सुरू होते. बारावीचा निकाल हाती येतो, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची धावपळ चालू होते आणि जात वैधता प्रमाणपत्रासाठी पुरावे गोळा करण्याची वेळ येते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक ठरलेले आहेत. त्यापूर्वीचा कागद दाखवावा लागतो. मग आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल आणि प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलेली वंशावळ यांसाठी घरातील कर्ते माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवू लागते. याच सुमारास तीस-तीस वर्षे ज्यांच्याशी बोलणे नाही असे चुलत घराणे आठवते. त्यांच्याकडे कोणाला तरी वैधता मिळालेली असते. तिची प्रत हवी असते. दूरध्वनी होतो, प्रत भ्रमणध्वनीवर येते, काम होते. पुढच्या मे महिन्यापर्यंत ते घराणे पुन्हा विस्मृतीत जाते.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावाला हा अनुभव नवा वाटणार नाही. गावातील मंडळी शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमरावती, नागपूर, पुणे, मुंबई आणि आता परदेश येथे पांगली. गावाशी त्यांचा संबंध उरतो तो सातबाऱ्यापुरता आणि दाखल्यापुरता. तथापि याच गरजेतून आज हजारो कुटुंबांच्या हाती चार-पाच पिढ्यांची लिखित वंशावळ आली आहे, हेही तितकेच खरे. पूर्वी जी गोष्ट केवळ वतनदारांच्या आणि पंडितांच्या घरी असे, ती आता शेतमजुराच्या घरच्या फाईलमध्येही आहे. प्रश्न एवढाच, की ही वंशावळ कार्यालयाच्या आवक-जावक नोंदीत विसावणार, की तिच्यातून गोतावळा पुन्हा उभा राहणार?

नोंद होती, नोंदणारा विस्मृतीत गेला

कुलाची नोंद ठेवणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे जगातील एक आश्चर्य मानावे लागेल. यात्रेकरू तीर्थावर आला, की उपाध्याय त्याचे गाव आणि आडनाव विचारतो, नेमकी वही काढतो आणि पणजोबा केव्हा, कोणाबरोबर आले होते ते वाचून दाखवितो. आलेला माणूस आपल्या कुटुंबातील नवी नावे त्याखाली लिहून देतो. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात हेळवी घरोघर जाऊन वंशावळ वाचतात. विदर्भात भाटांनी हे काम केले. बंजारा समाजात ढाडी मंडळी गोत्रांची व पूर्वजांची नावे गाऊन सांगत आली. वाशीम जिल्ह्यातीलच पोहरादेवी हे त्या समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. विसाव्या शतकात छापखान्याच्या सोयीमुळे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

या सर्व व्यवस्थांत एक मेख होती. ज्याच्याजवळ तीर्थयात्रेचा खर्च होता, भाटाला देण्याजोगी बिदागी होती किंवा लेखणी होती, त्याची नोंद राहिली. इतरांची राहिली नाही. या उणिवेची काही अंशी भरपाई केली ती कोतवाल बुकाने. गावात कोणाच्याही घरी जन्म झाला, कोणीही मरण पावले, तरी त्याची खबर देण्याचे काम कोतवालाकडे असे. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू झाला असल्यास त्याचे कारण एवढीच ती रूक्ष ओळ. पण त्या ओळीत देशमुखाचे घर आणि वेठबिगाराची झोपडी एकाच रकान्यात बसली. अनेक गावांत हे काम करणारा माणूस गावकुसाबाहेरचा, बहुधा महार समाजातील होता. साऱ्या गावाच्या जन्ममरणाची वार्ता ज्याने वाहिली, त्याच्या स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत मात्र कोणी छापला नाही. आजच्या कुलसंशोधनाला सामाजिक अर्थ प्राप्त व्हायचा असेल, तर त्याची सुरुवात या जाणिवेपासून झाली पाहिजे.

एका गावाची अनेक दफ्तरे

कामरगावच्या एखाद्या कुटुंबाने आपला इतिहास शोधायचे ठरविले, तर पहिली अडचण भूगोलाची नसून राजवटींची आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने गेले. कारंज्याचा परिसर त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यात मोडत असे. हा तालुका अमरावती जिल्ह्यातून अकोल्यात आला तो १९०५ च्या फेररचनेत. त्याच फेररचनेत जुना बाशीम जिल्हाही मोडला आणि त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. राज्ये बदलली, पण कागद प्रत्येक वेळी नव्या मुख्यालयी आलेच असे नाही. त्यामुळे कारंज्याच्या तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात जे सापडत नाही, ते अकोल्याला असू शकते, अमरावतीला असू शकते, वरिष्ठ पातळीवरचा पत्रव्यवहार नागपूरच्या पुराभिलेखागारातही असू शकतो. शोधणाऱ्याने 'वाशीम जिल्हा' एवढेच धरून शोध घेतला, तर १९९८ पूर्वीचा बहुतेक इतिहास त्याच्या हातून निसटतो.

दुसरी अडचण कागदाच्या भाषेची. जुन्या नोंदींचा मोठा भाग मोडीत आहे. तारखा कधी फसली सनात असतात. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळविले, की ढोबळमानाने इसवी सन येतो. आडनाव बहुधा नसतेच. 'अमुक वल्द तमुक' एवढीच ओळख. स्त्री असेल तर 'जवजे अमुक', म्हणजे अमक्याची पत्नी. कोतवाल बुकात जन्मलेल्या बालकाचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे व्हायच्या आधीच खबर गेलेली असते. त्यातच नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली प्रथा. विठोबाचा नारायण, नारायणाचा विठोबा आणि त्याचा पुन्हा नारायण. दोन विठोबांना एकच समजणारा संशोधक एका फटकाऱ्यात दोन पिढ्या गिळून टाकतो आणि ज्यांचे नाते चुलत आहे त्यांना सख्खे ठरवून मोकळा होतो.

आडनावाचेही तसेच. गावाच्या नावाला 'कर' लागून झालेले आडनाव हे प्रायः स्थलांतराचे चिन्ह असते. जो कारंज्यातच राहिला त्याला कारंजेकर म्हणण्याचे कारण कोणाला पडेल? ते नाव चिकटते गाव सोडलेल्याला, नव्या गावच्या लोकांकडून. म्हणजे एकाच घराण्याची जी शाखा गावात राहिली तिचे आडनाव एक आणि जी बाहेर पडली तिचे दुसरे, असे घडू शकते. केवळ आडनाव जुळवून नातेवाईक शोधणारा आपल्याच भावकीच्या दारावरून पुढे निघून जातो.

यादी झाली, की दफ्तर बोलू लागते

या सर्व अडचणींवर गेल्या काही वर्षांत एक मोठा उपाय निघाला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली. तिचे काम प्रथम मराठवाड्यापुरते होते, पुढे ते राज्यभर विस्तारले. मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जीर्ण नोंदवह्या उघडल्या, पाने स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काय, हा येथील विषय नाही. पण या निमित्ताने महाराष्ट्रातील गावांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी घरबसल्या पाहता येण्याची जी वाट खुली झाली, तिचे मोल त्या वादापेक्षा अधिक काळ टिकणारे आहे.

यादी केल्याने बंद दफ्तरात प्राण कसा येतो, याचे उदाहरण कामरगावच्या तालुक्याच्या ठिकाणीच आहे. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांत शतकानुशतके पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ संपादून 'कारंजा जैन ग्रंथमाले'तून प्रकाशात आणले आणि भारतीय भाषांच्या इतिहासातील एक हरवलेला दुवा विद्वानांच्या हाती आला. पोथ्या तर पूर्वीही तेथेच होत्या. त्या आहेत हे बाहेर कळले तेव्हा त्यांचे काम सुरू झाले. घराघरांतील पत्र्याच्या पेट्यांत पडलेल्या खरेदीखतांचे, लग्नपत्रिकांचे, मृत्युपत्रांचे तसेच आहे. पुण्यात बसलेल्या एका नातवाने आपल्या घरची नावे संगणकावर मांडली आणि त्यापुढे 'कामरगाव' असे लिहिले, तर मुंबईतील किंवा सातासमुद्रापलीकडील दुसऱ्या शाखेला ती सापडण्याची शक्यता निर्माण होते. एका शाखेकडे नावे असतात, दुसरीकडे छायाचित्रे. एकीकडे जुने पत्र असते, दुसरीकडे त्या पत्रातील माणसे कोण होती हे सांगणारी आत्या असते. दोन अर्धी पाने जुळतात आणि मजकूर पूर्ण होतो.

समुद्रापलीकडचा धडा

या दृष्टीने मॉरिशसचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले आणि गिरमिटाचे युग सुरू झाले. पुढील काळात सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. ते जेथे उतरले त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, गाव, जिल्हा, जात, जहाज यांची नोंद होई. हे दफ्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे. मळेवाल्यांना मजूर पळून जाऊ नये म्हणून ज्या नोंदी हव्या होत्या, त्याच आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंना मूळ गावाची वाट दाखवीत आहेत. इंग्रज आणि फ्रेंच कारकुनांनी कानाला येईल तशी लिहिलेली गावांची व माणसांची नावे उलगडणे हे मात्र कठीण काम. ते येथील जाणत्यांच्या साहाय्याशिवाय होत नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या मॉरिशस भेटीच्या वेळी तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे पत्र मिळण्याची तरतूद जाहीर झाली. सात पिढ्यांपूर्वीचा पूर्वज सिद्ध करण्यासाठी दोन्ही तीरांवरचे कागद बोलावे लागतात.

मॉरिशसचा मराठी माणूस सहा-सात पिढ्यांनंतरही गणेशचतुर्थी साजरी करतो आणि त्या देशात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. त्याला आपले गाव ठाऊक नसले तरी आपले गाव असले पाहिजे ही ओढ आहे. आणि ज्याला गाव ठाऊक आहे, चार तासांत जेथे जाता येते, तो मात्र दाखल्यापुरता तेथे जातो. या विरोधाभासाने विचारी माणसाला अंतर्मुख व्हायला हवे.

गाव हा केवळ माहितीचा पुरवठादार नव्हे

संगणकावरील कुलसंशोधनाचे खरे दुखणे येथेच आहे. शहरातील सुशिक्षित वारसदाराला छंद म्हणून वंशवृक्ष पूर्ण करायचा असतो. तो गावातील वृद्ध चुलत्याला दूरध्वनी करतो, एकामागून एक नावे विचारतो, आपल्या तक्त्यात भरतो. तक्ता सुंदर दिसतो. गावातील चुलत्याला मात्र तो पाहायलाही मिळत नाही. त्याच्या दृष्टीने हे संभाषण वेगळे असते. इतक्या वर्षांनी पुतण्याला आजोबांचे नाव कशासाठी हवे? वडिलोपार्जित शेतात हिस्सा मागायचा तर नसेल? गावात दूरचा नातेवाईक उगवला, की पहिल्यांदा फेरफार आणि वारस नोंद आठवते, हे कटू असले तरी सत्य आहे. त्या शंकेला हसण्याचे कारण नाही. ज्याने दुष्काळात आणि नापिकीत ती जमीन सांभाळली, त्याचा तो अनुभवसिद्ध सावधपणा आहे.

ही शंका तर्काने जात नाही, वागण्याने जाते. ज्याला नावे हवी आहेत त्याने आपला हेतू प्रारंभीच स्पष्ट सांगावा. मिळालेल्या माहितीची छापील प्रत सर्वप्रथम गावातील घराला द्यावी. आपल्याकडील जुन्या छायाचित्राची प्रत पाठवावी. गावातील भावकीच्या मुलाला वैधता प्रमाणपत्रासाठी कागद लागला, तर मागण्यापूर्वी तो पोचवावा. शहरात शिकायला आलेल्या पोराला चार दिवस घरी ठेवून घ्यावे. असे घडले म्हणजे वंशवृक्ष एकाच बाजूला वाढत नाही. नाते हे देण्याघेण्यावर जगते, हे जुन्या पिढीला शिकवावे लागत नव्हते. सुतक पाळायचे म्हणून मृत्यूची वार्ता दूरच्या भावकीलाही कळवावीच लागे. लग्न ठरविताना सगोत्र-सपिंड पाहायचे म्हणून मामाकडच्या आणि बापाकडच्या पिढ्या तोंडपाठ असाव्या लागत. त्या रूढींतील काही आज कालबाह्य ठरल्या असतील. परंतु त्यांनी जे काम केले, म्हणजे दूरच्या नातलगाच्या सुखदुःखाची वार्ता घरात आणून ठेवण्याचे, ते काम आज कोण करणार, याचे उत्तर मात्र द्यावेच लागेल.

माहितीची पारखही गावातच होते. संगणकावर एकाच नावाची दोन माणसे जुळली म्हणजे नाते सिद्ध झाले, असे होत नाही. नावाबरोबर बापाचे नाव, गाव, कुलदैवत, कुलाचार आणि शक्य तर शेताचे नावही जुळले पाहिजे. भाद्रपदातील महालक्ष्म्या उभ्या आहेत की बसलेल्या, मुखवट्यांच्या आहेत की सुगडांच्या, नैवेद्यात काय चालते आणि काय वर्ज्य आहे, यांवरून घरातील वडीलधारी बाई जे अनुमान काढील ते कोणत्याही यंत्राला काढता येणार नाही. तिचे वय ऐंशीच्या पुढे असेल, तर हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्याजोगे नाही.

लेकी आणि सुना

प्रमाणपत्रासाठी केलेल्या वंशावळीत आणखी एक वैगुण्य असते. ती बापाकडून बापाकडे जाते. आजोबांचे, पणजोबांचे नाव असते. आजीचे नसते, आत्याचे तर नसतेच. जुन्या कागदातील 'जवजे' या एका शब्दात स्त्रीचे सर्व अस्तित्व मावले होते. नव्या तक्त्यात तेवढीही जागा उरत नाही. वास्तविक गोतावळ्याचे अर्धे धागे लेकींनी विणलेले असतात. सासरी गेलेल्या आत्याच्या नातवंडांची आडनावे वेगळी आणि गावे वेगळी. पण त्यांच्या घरच्या पेटीत माहेरचे एखादे छायाचित्र निघते, जे माहेरी कोणाजवळच नसते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने कन्येला जन्मतः सहदायादाचा अधिकार दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्राने आईचे नाव बंधनकारक केले. शासनाच्या रकान्यात आईला जागा मिळते आणि कुळाच्या वृक्षात मिळत नाही, ही गोष्ट मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजाला भूषणावह नाही. प्रत्येक सुनेचे माहेर आणि प्रत्येक लेकीचे सासर नोंदविले, तर आज वाळल्यासारखा दिसणारा वृक्ष एका वर्षात दुपटीने बहरेल.

उत्साहाला विवेकाची जोड

या कार्यात धोकेही आहेत आणि ते काल्पनिक नाहीत. दूरचे नातेवाईक शोधून देणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी जनुक-चाचणी कंपनीच्या, 'ट्वेंटीथ्री अँड मी'च्या, सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली. ती चोरी नातलग शोधण्याच्या सुविधेच्याच वाटेने झाली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लक्षावधी लोकांच्या रक्ताची गुपिते आता कोणाच्या मालकीची होणार, असा प्रश्न उभा राहिला. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, पण पहिले संरक्षण स्वतःच करावयाचे असते. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते, आईचे माहेरचे आडनाव, आधार क्रमांक असलेल्या दाखल्यांच्या प्रती उघड्यावर टाकू नयेत. ठकसेनांना नेमके तेच हवे असते. घरातील दत्तक, सोडचिठ्ठी, अकाली मृत्यू यांसंबंधीच्या गोष्टी संबंधितांच्या संमतीवाचून चारचौघांत मांडणे हे संशोधन नव्हे.

संगणकावर ठेवले म्हणजे चिरकाल टिकले, हाही भ्रमच. २००४ मध्ये सुरू झालेल्या ऑर्कुटवर त्या काळी आडनावांचे कितीतरी समूह होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती सेवा बंद पडली आणि त्यांतील परिचय व पत्त्यांची देवाणघेवाण तिच्याबरोबर गेली. तीर्थोपाध्यायांच्या कागदी वह्या मात्र शतके टिकल्या. त्यातही एक बोध आहे. हरिद्वारसारख्या तीर्थांवरील या वह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मपटावर घेतल्या त्या अमेरिकेतील युटा राज्याच्या वंशावळ संस्थेने. ती संस्था मॉर्मन चर्चची. दिवंगत पूर्वजांसाठी धर्मविधी करण्याची त्या पंथाची श्रद्धा आहे आणि त्यातून वंशावळी जमविण्याचे त्यांचे प्रचंड कार्य उभे राहिले. त्यांच्या श्रद्धेशी येथील समाजाला कर्तव्य नाही; त्यांच्या चिकाटीशी मात्र निश्चित आहे. आपल्या पूर्वजांच्या हस्ताक्षरातील वह्या जपण्याचे काम सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी करावे आणि ज्यांचे ते पूर्वज त्यांनी श्राद्धपक्षात केवळ तीन पिढ्यांची नावे आठवताना अडखळावे, हे चित्र पालटले पाहिजे.

आणखी एक धोका खोट्या मोठेपणाचा. वंशवृक्ष हाती आला, की त्याच्या मुळाशी एखादा राजा किंवा सरदार असावा असे वाटू लागते आणि मधल्या रिकाम्या पिढ्या कल्पनेने भरल्या जातात. कुलसंशोधनाने जातीचा अहंकार वाढेल, असा आक्षेप काही जण घेतात तो यामुळेच. प्रामाणिक संशोधनाचा अनुभव मात्र उलट येतो. कोणाच्या घराण्यात दत्तक निघतो, कोणाचा पणजा दुष्काळात गाव सोडून आलेला परागंदा निघतो, एकाच बापाच्या दोन शाखांतील एक सुस्थितीत आणि दुसरी दारिद्र्यात असल्याचे दिसते. अशा वृक्षाखाली उभे राहिलेल्या माणसाची मान नम्रतेने झुकते. गाळलेल्या जागा गाळलेल्याच ठेवण्याचे धैर्य दाखविले, तर पुढील पिढीला त्या भरण्याची संधी राहते. खोट्या नावाने भरल्या तर ती वाट कायमची बंद होते.

गावाने करावयाचे काम

हे कार्य शासनाच्या योजनेची वाट पाहत थांबण्याचे नाही. कामरगावसारख्या गावात शाळा आहे, ग्रामपंचायत आहे आणि तरुणांच्या हाती भ्रमणध्वनी आहे. शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या घरच्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून पाच पिढ्यांची नावे, आजीचे माहेर आणि गावात केव्हा, कोठून आलो याची हकीकत लिहून आणावी. पेटीतील जुन्या कागदांची छायाचित्रे घेऊन त्यावर तारीख व घरधन्याचे नाव घालून ठेवावे. मोडी शिकण्याची आवड एखाद-दोघांत निर्माण करावी. गावातून बाहेर गेलेल्यांची घराणेवार सूची व्हावी. जमलेल्या माहितीपैकी दिवंगतांची नावे तेवढी संगणकावर खुली करावीत आणि सर्व माहितीची छापील प्रत गावात ठेवावी. यात सर्व वस्त्यांचा समावेश असावा, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ज्यांच्या घरी कागद कमी, त्यांच्या घरी आधी जावे, कारण तेथे जे आहे ते केवळ स्मरणात आहे.

बाहेर गेलेल्यांनी वर्षातून एकदा, दिवाळीत किंवा कुलदेवतेच्या उत्सवात, मुलांना घेऊन गावी यावे. संगणकावर ज्यांची गाठ पडली त्यांची गाठ घराच्या ओसरीवर पडावी. मुलांना कोण काका, कोण आत्या, कोणाला वाकून नमस्कार करायचा, हे तक्ता पाहून कळत नाही.

वंशावळीची नक्कल तहसील कार्यालयात शुल्क भरून मिळते. संकेतस्थळावर तर ती विनामूल्यही मिळू लागली आहे. नात्याचे अस्सल मात्र कोणत्याही अभिलेख कक्षात ठेवलेले नाही. ते कामरगावच्या ओसरीवर बसलेल्या वृद्धेच्या स्मरणात आहे, तिच्या पुण्यातील पुतण्याच्या संग्रहात आहे आणि तिच्या परगावी दिलेल्या लेकीच्या पेटीत आहे. तिन्ही ठिकाणचे तुकडे एकत्र आणण्याचे साधन या पिढीच्या हाती आले आहे. ते सांगणारी माणसे मात्र या पिढीबरोबर फार काळ असणार नाहीत. प्रमाणपत्राची मुदत जशी डोळ्यांपुढे ठेवून धावपळ केली जाते, तशीच ही मुदतही ध्यानात ठेवावयास हवी.